भाड्याची गाडी मुंबईत घ्यायची की कोकणात? रत्नागिरी ते खेड, किनाऱ्याकिनाऱ्याने

निघायच्या आधी

आमच्याकडे स्वतःची गाडी नाही. मुलुंडला सोसायटीत पार्किंग नाही आणि रोजचं जाणंयेणं लोकलनेच, त्यामुळे कधी घ्यावीशी वाटली नाही. पण सासूबाईंना गणपतीपुळ्याला जायचं होतं, मला गुहागर, दाभोळ, हर्णै हा किनारा निवांत बघायचा होता आणि त्या पट्ट्यात गाडी हाताशी नसेल तर एसटीच्या वेळा सांभाळण्यातच दिवस जातो, म्हणून सेल्फ ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्यायची हे पक्कं झालं. नवरा आणि मी दोघंही चालवतो, बाकी सासूबाई, आमची लेक आणि माझा धाकटा भाऊ. गाडी कुठली हे पाच मिनिटांत ठरलं, पण ती घ्यायची कुठून यावर घरात कितीतरी संध्याकाळी गेल्या, आणि मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

नवऱ्याचं म्हणणं, घरपोच मागवू. पहाटे गाडी बिल्डिंगखाली येणार, सामान डिकीत टाकायचं, निघायचं, स्टेशनवर बॅगा ओढायची कटकट नाही. ऐकायला छानच वाटतं. पण कागदावर मांडून बघितलं तेव्हा चित्र वेगळं दिसायला लागलं. मुंबई ते रत्नागिरी साधारण ३४० किलोमीटर. म्हणजे भाड्याचा पहिला अख्खा दिवस आणि शेवटचा अख्खा दिवस फक्त हायवेवर, आणि त्या दोन्ही दिवसांचं भाडं भरायचंच. बहुतेक ठिकाणी रोजच्या किलोमीटरला मर्यादा असते, ती तिथेच संपते, वर पडेल त्याला किलोमीटरमागे पैसे. पेट्रोल पंधराच्या अ‍ॅव्हरेजने धरलं तरी एका बाजूला बावीस-तेवीस लिटर. अटल सेतूवरून गेलो तर कारला एकेरी २५० रुपये टोल वेगळा. आणि एवढं सगळं कशासाठी, तर कोकण सुरू होईपर्यंतच्या रस्त्यासाठी.

त्यात तो रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. चौपदरीकरणाचं काम २०११ पासून सुरू आहे आणि ज्यांचं गाव कोकणात आहे त्यांना वेगळं सांगायला नकोच. पळस्प्यापासून वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, कुठे चकाचक काँक्रीट तर कुठे अचानक डायव्हर्जन, आणि सुट्टीच्या दिवशी माणगावच्या बाजारात जी लाइन लागते तिथे तासाचा हिशोब कोणी देऊ शकत नाही. कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा मात्र खूप सोपा झालाय, हे चांगलंच. पण मला खरी काळजी होती ती थकव्याची. किनाऱ्यावरचे रस्ते अरुंद, वळणावळणाचे, समोरून एसटी आली की रिव्हर्स घ्यायची तयारी ठेवायला लागते. तिथे ताजं डोकं हवं, आठ-नऊ तास हायवे मारून आलेलं नको.

भावाने पनवेल सुचवलं. लोकलने पनवेलला जायचं, तिथून गाडी घ्यायची, शहरातली ट्रॅफिक वाचते. वाचते हे खरं, पण सगळ्यात वाईट टप्पा पनवेलच्या पुढेच सुरू होतो, त्यामुळे आमच्यासाठी त्यात अर्धाच फायदा. अलिबाग, काशीद, मुरुड-जंजिरा एवढंच करायचं असेल तर पनवेल उत्तम, किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. ही बोट २०२० पासून सुरू आहे, गाडीसकट तासाभरात पलीकडे, म्हणजे गाडी दक्षिण मुंबईतून घेतली तरी वडखळचा फेरा टळतो. त्या बाजूने आगरदांडा-दिघी आणि मग वेश्वी-बागमांडला अशा फेरीबोटी पकडत हरिहरेश्वरवरून केळशीपर्यंत उतरता येतं, तोही सुंदर रस्ता आहे, पण वेळ भरपूर लागतो आणि आमच्या सासूबाईंना सलग इतका प्रवास झेपला नसता.

मग राहिले चिपळूण, रत्नागिरी आणि थेट खाली कुडाळ-गोवा. फक्त गुहागर करायचं असतं तर मी चिपळूणच घेतलं असतं, स्टेशन हायवेच्या जवळ आणि तिथून गुहागर पन्नास किलोमीटरच्या आत. फक्त दापोली करायची तर खेड. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी असा तळकोकणाचा टोकाचा भाग असेल तर गोव्यात उतरून गाडी घेणारे खूप आहेत, गोव्यात गाड्या मुबलक, पण तिथली भाड्याची गाडी राज्याबाहेर न्यायची तर परमिटचं आधी स्पष्ट विचारून घ्यायला हवं, ते न विचारता सीमा ओलांडू नये असं माझं ठाम मत आहे.

आम्ही रत्नागिरी ठरवलं, कारण जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे तिथे गाड्या देणारे जास्त, कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या थांबतात आणि गणपतीपुळं तिथून पंचवीसच किलोमीटर. सासूबाईंनी तर पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं होतं, "अगं, मला ट्रेनने न्या बाई, हायवेवर मला गाडी लागते." त्यांचं ऐकलं आणि हिशोबही त्याच बाजूने निघाला.

एक गोष्ट मात्र रत्नागिरीत फोन करताना नीट बघितली, ती म्हणजे नंबरप्लेट. सेल्फ ड्राइव्हची अधिकृत गाडी असेल तर काळी पाटी आणि त्यावर पिवळे आकडे. ड्रायव्हरसकट असते ती टॅक्सी, तिला पिवळी पाटी आणि काळे आकडे. आणि पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी खाजगी गाडी. लहान शहरांत पांढऱ्या पाटीच्या गाड्या सर्रास भाड्याने देतात, दरही कमी सांगतात, पण ते नियमात बसत नाही आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. रेंट-अ-कॅब योजना १९८९ ची आहे आणि त्यात लायसन्ससाठी किमान पन्नास गाड्यांची अट आहे, त्यामुळे छोट्या गावात अधिकृत काळी पाटी सहज मिळत नाही हेही खरं. आम्हाला दोघांनी पांढरी पाटीच दाखवली, तिसऱ्याकडे काळी पाटी मिळाली, त्याची शाखा होती रत्नागिरीत. रोजचा दर मुंबईपेक्षा दोन-तीनशेने जास्त होता. पण मुंबईचे ते हायवेवरचे दोन दिवस वाचले तेव्हा एकूण बिल कमीच झालं, त्यात ट्रेनची तिकिटं धरूनसुद्धा जवळपास बरोबरीत आलं.

शनिवार: ठाणे, रत्नागिरी, गणपतीपुळे

फेब्रुवारीची थंडी, सहाच्या आत ठाण्याला वंदे भारत. ही गाडी २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाली, ठाणे, पनवेल आणि मग एकदम खेड. खिडकीतून पेण-नागोठण्याच्या बाजूला हायवे दिसतो अधूनमधून, ट्रकची रांग दिसली तेव्हा नवऱ्याने काही न बोलता सासूबाईंना चहा ओतून दिला. लेक बोगदे मोजत होती. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, तो संपेचना तेव्हा तिने मोजणं सोडून दिलं. या बोगद्यांमुळे आणि पुलांमुळेच १९९८ साली सबंध मार्ग सुरू झाला तेव्हा कोकणातल्या माणसाचं आयुष्य बदललं, माझे आजोबा मुंबईला बोटीने आलेले, त्यांच्याकडून ऐकलेलं सगळं त्या खिडकीत आठवत होतं. पावसाळ्यात जाणार असाल तर लक्षात ठेवा, वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, तेव्हा गाडी हातात घ्यायची वेळ त्याप्रमाणे पुढे ढकलून ठेवा.

दहाच्या आत रत्नागिरी. स्टेशन गावात नाहीये, कुवारबावला वर आहे, गाव सहा-सात किलोमीटर. म्हणून बुकिंग करतानाच सांगून ठेवलं होतं की गाडी ऑफिसमधून नको, स्टेशनबाहेर आणून द्या, आणि ट्रेन लेट झाली तर मीटर आम्ही उतरल्यावर सुरू करा. हे दुसरं वाक्य मेसेजमध्ये लिहून घेतलं होतं. तुम्हीही घ्या. स्टेशनवरून गाडी घ्यायची म्हटलं की ट्रेनचा उशीर हा एकच मोठा धोका असतो आणि तो आधी बोलून ठेवला की उरत नाही.

मुलगा वेळेवर उभा होता. पुढचा अर्धा तास आम्ही घाई केली नाही. भावाने गाडीभोवती फिरून पूर्ण व्हिडिओ काढला, बंपरच्या खालची बाजू, चारही अलॉय, काचेवरचा एक छोटा टिचका, सीटवरचा डाग, सगळं, आणि तो व्हिडिओ तिथेच त्या मुलाला पाठवला. मी कागद बघितले, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, परमिट, तारखा नीट वाचल्या. नवऱ्याने डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का ते बघितलं. पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडा, दोन्हीचा फोटो. फास्टॅगमध्ये पैसे किती आणि टोल कोण भरणार हे विचारलं. डिपॉझिट ऑनलाइन दिलं, रोख नाही, म्हणजे नोंद राहते. सासूबाई तेवढा वेळ सावलीत बसून कोकम सरबत पीत होत्या, त्यांना अजिबात त्रास झाला नाही.

आणि मग मी तो प्रश्न विचारला ज्यासाठी मला इथलाच माणूस हवा होता. खाडीपलीकडे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीला इथे जंगल जेटी म्हणतात. "दादा, गाडी जंगल जेटीत घालायचीय, जयगडला आणि दाभोळला, चालेल ना?" तो म्हणाला, "घाला की ताई, रोजच जातात गाड्या. फक्त ओहोटीला रॅम्प उतरता असतो, तेव्हा सावकाश, तिरकी घ्या, पुढचा बंपर टेकू देऊ नका." मुंबईत ज्यांच्याकडे चौकशी केली होती त्यांच्यापैकी एकाच्या करारात गाडी बोटीवर नेऊ नये असं कलम होतं आणि फोनवरच्या माणसाला जयगडच्या पलीकडचं तवसाळ कुठे आहे तेच माहीत नव्हतं. इथे समोरच्याला रस्ता पाठ होता. कुठे पंप आहे, कुठे नाही, कुठल्या गावात रस्ता खोदलाय, सगळं त्याने पाच मिनिटांत सांगितलं. गाडी त्याच भागातून घेण्याचा हा फायदा पैशात मोजता येत नाही.

टाकी त्याने पाव भरून दिली होती आणि पावच परत द्यायची होती. गावात जाऊन आधी पेट्रोल भरलं, कारण किनाऱ्याने गेलं की पंप लांब लांब आहेत. थिबा राजवाडा बघितला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढून इथे आणून ठेवलेला, हा वाडा १९१० मध्ये बांधून दिला आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. वाड्याच्या गच्चीच्या बाजूने खाडी दिसते, भाट्याचा पूल दिसतो. आपल्या देशापासून इतक्या लांब, अशा निवांत जागी अडकून पडलेल्या माणसाचं काय होत असेल, सासूबाई बराच वेळ तिथे उभ्या होत्या. जेवण गावातल्या खानावळीत, ओल्या काजूची उसळ मिळाली, हंगाम नुकताच सुरू झालेला.

गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या रस्त्याने गेलो. मुंबईहून हायवेने येणारे निवळी फाट्यावरून वळतात, त्यांना हा रस्ता लागतच नाही, आणि तो कोकणातला सगळ्यात देखणा रस्ता आहे असं मला मनापासून वाटतं. एका वळणावर खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात. गाडी बाजूला घ्यायला जागा आहे तिथेच घ्या, वळणावर थांबू नका, तिथे लोक मध्येच थांबून सेल्फी काढतात आणि मागून एसटी येते. संध्याकाळी दर्शन, प्रदक्षिणा डोंगराला घालायची असते म्हणून सासूबाई हळूहळू चालल्या, लेक त्यांचा हात धरून.

रविवार: मालगुंड, जयगड, हेदवी, गुहागर

सकाळी मालगुंडला केशवसुतांच्या घरी. कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, बाहेर त्यांच्या कविता कोरलेल्या. शाळेत पाठ केलेल्या ओळी भावाने मोठ्याने म्हटल्या. मग जयगड, किल्ला आटोपशीर आहे, तासाभरात होतो, आणि त्याच्या पुढे समुद्राला लागून कऱ्हाटेश्वराचं देऊळ, तिथे खाली पायऱ्या उतरून गेलात तर पाण्याचा झरा आहे. इथे गर्दी नसते.

जेटीला पोचलो तेव्हा नेमकी ओहोटी. पुढे एक सेडान होती, ती उतरताना खालून घासल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. आमची गाडी जरा उंच होती, म्हणूनच ती निवडली होती. या किनाऱ्यावर फेऱ्या पकडत जायचं असेल तर ग्राउंड क्लिअरन्स बघून गाडी घ्या, मग सीट कमी मिळाल्या तरी चालतील. बोटीवरचा माणूस हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघायचं, घरच्यांनी बाहेरून सूचना द्यायच्या नाहीत, आणि गाडी लागली की हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवायची. सासूबाई आणि लेक आधीच उतरून चालत बोटीवर गेल्या होत्या. शास्त्री नदीची ती खाडी पंधरा मिनिटांत पार. रस्त्याने हाच फेरा घालायचा तर बरंच लांबून फिरून यावं लागतं. डिकीत सामान, वर आपण वाऱ्यावर, समोर तवसाळचा किनारा जवळ येतोय, लेकीला ट्रिपमधलं सगळ्यात हेच आवडलं.

तवसाळवरून हेदवी. दशभुज गणपती टेकडीवर, संगमरवरी मूर्ती, देवळापर्यंत गाडी जाते. खाली समुद्रावर बामणघळ, खडकातली चिंचोळी भेग, भरतीला त्यात लाट घुसली की पाणी कितीतरी उंच उडतं. आम्ही गेलो तेव्हा भरती भरत होती, तरी लांबूनच बघितलं, तिथे कडेला जाऊ नका, खडक शेवाळलेले असतात.

वेळणेश्वर करून गुहागरकडे निघालो आणि पालशेतच्या पुढे मागचं चाक बसलं. भावाने आणि नवऱ्याने स्टेपनी लावली, पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. गाडीवाल्याला फोन केला तर तो लगेच म्हणाला, गुहागरला नाक्यावर पंक्चरवाला आहे, माझं नाव सांगा, रविवार असला तरी उघडं असतं. खरंच होतं. खिळा निघाला, पंक्चर काढून घेतलं आणि चहा पिऊन पुढे. हेच मुंबईची गाडी असती तर कॉल सेंटरला फोन, लोकेशन पाठवा, तिकीट नंबर घ्या, मदत कुठून येणार तर चिपळूणहून, कदाचित. मला हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं की भाड्याची गाडी म्हणजे नुसतं वाहन नसतं, तिच्यामागे उभा असलेला माणूस किती लांब आहे त्यावर पण तिची किंमत ठरते.

गुहागरला घरगुती मुक्काम, मागे सुपारीची वाडी, वाडी संपली की सुरूचं बन आणि मग किनारा. रात्री आम्हाला सुरमई आणि तिसऱ्या, सासूबाईंना कुळथाची पिठी आणि भात. त्यांनी दोनदा पिठी घेतली आणि घरच्या काकूंकडून कुळीथ भाजायची पद्धत विचारून घेतली.

सोमवार: अंजनवेल, दाभोळ, हर्णै, आंजर्ले

सकाळी व्याडेश्वराचं दर्शन. किनाऱ्यावर एकजण गाडी थेट वाळूत घेऊन गेला होता आणि चार माणसं ती ढकलत होती. भाड्याची गाडी तर वाळूत अजिबात नेऊ नका, मिठाने खालचा पत्रा खराब होतो, अडकली तर क्रेनचा खर्च तुमचा आणि करारात बहुतेक सगळीकडे याला मनाई असते.

अंजनवेलला दीपगृह आणि गोपाळगड, वाटेत तो मोठा वीजप्रकल्प दिसतो, एन्रॉनच्या वेळी ज्याच्या बातम्या रोज पेपरात असायच्या तोच. मग धोपावे. तिथून दाभोळची फेरी, ही या भागातली जुनी, २००३ पासूनची. भरती होती, रॅम्प जवळपास सपाट, गाडी सरळ चढली. म्हणून म्हणते, पंचांगात किंवा मोबाईलवर भरती-ओहोटीची वेळ बघून निघा, फेऱ्या दिवसभर असतात.

दाभोळ एके काळी केवढं मोठं बंदर होतं, आता शांत गाव. धक्क्याजवळच विजापूरकरांच्या काळातली मशीद आहे, दगडी, एक घुमट आणि चार मिनार. पुढे डोंगरावर चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ, आत फक्त समयांचा उजेड. सासूबाईंना वाकून आत जाता येईल का अशी शंका होती, पण भावाने पुढे होऊन हात दिला आणि त्या गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इथपर्यंत गाडी आली म्हणून मी आले रे, नाहीतर माझं कुठलं होणार होतं." मला त्या एका वाक्याने सगळी ठरवाठरवी सार्थकी लागल्यासारखं वाटलं.

दाभोळवरून दापोलीला सरळ रस्ता आहे, आम्ही मात्र कोळथरे, बुरोंडी, लाडघर, कर्दे करत किनाऱ्याने गेलो. हा रस्ता फार अरुंद, काही ठिकाणी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला मागे जावंच लागतं. लहान गाडी घेतल्याचं समाधान इथे सगळ्यात जास्त. सात सीटरचा पर्याय होता पण ऐसपैस बसायच्या मोहात पडलो नाही ते बरं. मुरुडला, म्हणजे महर्षी कर्व्यांच्या मुरुडला, दुर्गादेवीचं लाकडी कोरीवकामाचं देऊळ बघितलं आणि चारच्या सुमाराला हर्णै. बंदरात बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते आणि तिथेच लिलाव. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग, कान्होजी आंग्र्यांच्या नावाशी जोडलेला. बाया इतक्या भराभर बोली लावतात की आपल्याला कळेपर्यंत टोपली गेलेली असते.

आंजर्ल्याला पूर्वी होडीने जावं लागायचं, आता पूल आहे. कड्यावरच्या गणपतीपर्यंत रस्ता चांगला झालाय.

मंगळवार: दापोली, खेड, घरी

गाडी परत कुठे द्यायची हाही प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता. जिथून घेतली तिथेच द्यायची तर आंजर्ल्याहून रत्नागिरीला मागे जायला हवं, पुन्हा सगळा दिवस. म्हणून बुकिंगलाच विचारलं होतं, खेड स्टेशनला द्यायची तर काय घ्याल. गाडी परत न्यायला त्याचा माणूस येणार, येताना ट्रेन, जाताना सव्वाशे किलोमीटर चालवत, त्या सगळ्याचे जास्तीचे दीड हजार ठरले. आमचा एक दिवस आणि पेट्रोल बघता मला ते योग्यच वाटले. मुंबईतल्या मोठ्या कंपन्यांकडे दुसऱ्या शहरात गाडी सोडायची सोय बहुतेक नसतेच, किंवा असली तर मोठ्या शहरापुरती. इथे समोरासमोर बोलून जमलं.

दापोलीत सकाळी बाजार, आमसुलं, कुळीथपीठ, पोह्याचे पापड, सासूबाईंनी यादीच केलेली. पेट्रोल दापोलीतच बघून घेतलं, काटा पावावर राहील एवढंच. दापोली ते खेड तीस किलोमीटरच्या आत, पण घाट आहे, तासभर धरा. नवऱ्याने सावकाश चालवली, सासूबाईंना काही त्रास नाही.

खेड स्टेशनला रत्नागिरीचा तोच मुलगा दुपारच्या गाडीने येऊन थांबला होता. पुन्हा गाडीभोवती व्हिडिओ, किलोमीटर, काटा. पंक्चर काढलेलं चाक आम्हीच दाखवलं, त्याने बघितलं, म्हणाला ठीक आहे. काचेवरच्या त्या टिचक्याकडे त्याचं लक्ष गेलं तेव्हा भावाने शनिवारचा व्हिडिओ उघडून दाखवला आणि विषय तिथेच संपला. डिपॉझिट आमच्यासमोर परत पाठवलं, मेसेज येईपर्यंत तो थांबला.

संध्याकाळच्या गाडीची तिकिटं आधीच काढलेली होती, सुट्टीच्या आणि गणपतीच्या दिवसांत ती लवकर संपतात, म्हणून आधी तिकीट आणि मग गाडीचं बुकिंग, हाच क्रम ठेवा. सासूबाईंनी डब्यात बसल्या बसल्या कुणकेश्वरचा विषय काढलाय. त्यासाठी कणकवलीला उतरणं सोयीचं, वंदे भारत तिथे थांबते, पण काळ्या पाटीची गाडी तिथे मिळते की कुडाळहून मागवावी लागेल याची चौकशी मी याच आठवड्यात सुरू करणार आहे.